लिव्हरमधली गाठ आणि सुईतपासणी : सोनोग्राफीच्या खोलीत पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

सोनोग्राफीच्या खोलीतून फोन येतो, ‘लिव्हर एफएनएसी आहे, स्लाइड घेऊन या.’ (एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून केलेली तपासणी.) पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर किंवा नुकताच रुजू झालेला लॅब टेक्निशियन ट्रे उचलतो आणि निघतो. सुई रेडिओलॉजिस्ट घालणार, आपण फक्त स्लाइड करायच्या, असं तेव्हा वाटतं. पण लिव्हरच्या गाठीचं निदान बऱ्याचदा दोन जागी हातचं जातं : सुई घालण्याआधी कोणी कागद नीट वाचलेले नसतात तेव्हा, आणि सुई बाहेर आल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. दोन्ही ठिकाणी तुम्ही असता. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

निघण्याआधी कागद वाचा

पहिला प्रश्न : या गाठीला सुईची गरज आहे का?

सिरोसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) किंवा हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाच्या लिव्हरमधली गाठ सीटी किंवा एमआरआयमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर धमनीच्या टप्प्यात उजळत असेल आणि पुढच्या टप्प्यात आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळवंडत असेल, तर ते हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचं, म्हणजे लिव्हरच्या मूळ कॅन्सरचं चित्र असतं. रेडिओलॉजिस्ट अशा गाठीला ‘एलआर-५’ म्हणतात. तिथे सुई न घालताच उपचार सुरू करता येतात. शिवाय सुईच्या मार्गावर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचा धोका असतो. तो शंभरात दोन-तीन रुग्णांइतका धरला जातो. ऑपरेशनने किंवा लिव्हर बदलून जो रुग्ण बरा होऊ शकतो, त्याच्यासाठी हा धोका लहान नाही. अशा रुग्णाचा फोन आला तर सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांचं आपसात बोलणं झालंय का, एवढं विचारायला संकोच करू नका. नवीन आहोत म्हणून गप्प बसायची ही जागा नव्हे.

दुसरी थांबायची जागा हिमँजिओमाची. हा रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गोळा. सीटीत तो कडेकडेने ठिपक्यांसारखा उजळतो आणि हळूहळू आत भरत जातो. त्यात सुई घातली तर स्लाइडवर नुसतं रक्त येतं आणि रक्तस्रावाची भीती वेगळीच.

तिसरी हायडॅटिड सिस्टची. कुत्रा आणि मेंढी यांच्यामार्फत माणसात येणारा हा फीतकृमी लिव्हरमध्ये पाण्याची पिशवी तयार करतो. सोनोग्राफीत पिशवीच्या आत छोट्या पिशव्या किंवा सुटून तरंगणारा पडदा दिसला, तर आधी रक्ताची हायडॅटिड सिरॉलॉजी, म्हणजे अँटिबॉडीची तपासणी. पिशवीतलं पाणी पोटात सांडलं तर तीव्र अॅलर्जीने रुग्णाचा रक्तदाब कोसळू शकतो, आणि नव्या पिशव्या पोटात रुजू शकतात.

हे तीन अडथळे पार झाले की रक्ताचे रिपोर्ट पाहा. प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) साधारण १.५ च्या आत, अशी मर्यादा बहुतेक ठिकाणी पाळतात. सिरोसिसच्या रुग्णात थोडी सैल सोडतात, पण तो निर्णय वरिष्ठांचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे रुग्णाला साध्या शब्दांत विचारा. ‘अँटिप्लेटलेट घेता का’ म्हटलं तर मान नकारार्थी हलते. ‘हृदयाची, अँजिओप्लास्टीनंतरची काही गोळी चालू आहे का, काका?’ म्हटलं की पिशवीतून क्लोपिडोग्रेलची पट्टी बाहेर येते. पोटात पाणी भरलेलं असेल तर ते आधी काढतात, नाहीतर सुईची जागा दाबून धरायला लिव्हरला टेकाच मिळत नाही.

आणि एक गोष्ट वहीत लिहून घ्या : वय, कावीळ, वजन घटणं, अल्फा फीटोप्रोटीन (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रथिन), आधी कुठला कॅन्सर झाला होता का, गाठ एक की अनेक. प्रौढांमध्ये लिव्हरमधल्या कर्करोगाच्या गाठी बहुतांशी दुसरीकडून आलेल्या असतात. मोठं आतडं, स्तन, फुप्फुस, जठर, स्वादुपिंड, पित्ताशय. पाच वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईची ही माहिती फॉर्मवर नसते, ती तिच्या मुलीला तोंडी विचारावी लागते. जुन्या स्लाइड कुठे मिळतील तेही तेव्हाच विचारा. मूळ गाठीची स्लाइड शेजारी ठेवून पाहण्यासारखी दुसरी मदत नाही.

ट्रेमध्ये काय हवं

२२ गेजची ९ सेंटिमीटरची स्पायनल नीडल, जिला वॉर्डात सगळे एलपी नीडल म्हणतात. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं उलटं होतं. २२ गेजची सुई बाहेरून साधारण ०.७ मिलिमीटर जाडीची. कोअर बायोप्सीसाठी, म्हणजे गाठीचा धाग्यासारखा तुकडा काढण्यासाठी, बंदुकीसारखी सुटणारी १८ गेजची सुई, साधारण सव्वा मिलिमीटरची. २० मिलिलिटरची सिरिंज. एका टोकाला खरखरीत पट्टी असलेल्या स्लाइड आणि शिसपेन्सिल. पेनाची किंवा मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि स्लाइड बेवारशी होते. ९५ टक्के इथाइल अल्कोहोलने भरलेला कॉप्लिन जार (स्लाइड उभ्या बुडवायची बरणी). निर्जंतुक सलाइनची एक छोटी बाटली. १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनची घट्ट झाकणाची बाटली. कल्चरसाठी एक निर्जंतुक डबी. टोल्युइडिन ब्लू या झटपट रंगाची ड्रॉपर बाटली, कव्हरस्लिप आणि जमल्यास मायक्रोस्कोप.

फॉर्मेलिनची बाटली उघडी ठेवून शेजारी स्लाइड वाळत घालू नका. तिच्या वाफेने जिम्सा रंग बिघडतो, सगळं चित्र निळसर मळकट येतं, आणि दोष रंगाच्या बाटलीवर जातो.

रुग्णाचं नाव आणि नंबर स्लाइडवर सुई घालण्याआधी लिहून ठेवा. सुई बाहेर आल्यावर लिहायला वेळ नसतो.

खोलीत

रुग्ण पाठीवर, उजवा हात डोक्याखाली, म्हणजे फासळ्यांमधलं अंतर रुंदावतं. रेडिओलॉजिस्ट गोलसर तोंडाचा प्रोब फिरवून मार्ग शोधतात. तुम्हीही स्क्रीन पाहायला शिका, कारण पुढे स्लाइडवर जे येणार ते या मार्गावर ठरतं. सुई फासळ्यांमधून जायची असेल तर ती खालच्या फासळीच्या वरच्या कडेला लागून जाते. प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेखाली रक्तवाहिनी आणि नस असते. पित्ताशय, मोठ्या शिरा, आतडं आणि फुप्फुसाचं आवरण टाळायचं. लिव्हरच्या पृष्ठभागाला टेकलेली गाठ असेल तरी सुई सरळ गाठीत न घालता आधी थोड्या चांगल्या लिव्हरमधून नेतात. सुई निघाल्यावर ती चांगली लिव्हर मार्ग दाबून बंद करते आणि रक्त आतल्या आत थांबतं.

मोठ्या गाठीचा मधला भाग बऱ्याचदा मेलेला असतो, तिथून फक्त चिखल येतो. जिवंत पेशी कडेला असतात. पहिल्या पासमध्ये (सुईच्या पहिल्या फेरीत) नुसता नेक्रोसिस, म्हणजे मेलेला भाग, दिसला, तर ‘सर, कडेची बाजू घेता येईल का?’ हे तुम्हीच सांगायचं आहे. चांगला रेडिओलॉजिस्ट या वाक्याची वाटच पाहत असतो.

रुग्णाशी श्वासाची तालीम करून घ्या. ‘श्वास रोखा’ म्हटलं की माणूस आधी छाती भरून श्वास घेतो आणि लिव्हर काही सेंटिमीटर खाली सरकतं. निवडलेला मार्ग हुकतो. म्हणून, ‘काका, नेहमीसारखा श्वास घ्या, हळू सोडा, आता थोडं थांबा.’ हे दोन-तीनदा करून पाहा. लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) त्वचेपासून लिव्हरच्या आवरणापर्यंत द्यायचं असतं. लिव्हरच्या आत दुखत नाही, आवरणाला टोचलं की दुखतं. ‘उजव्या खांद्यात कळ येऊ शकते, घाबरू नका’ हेही आधीच सांगा. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची (डायफ्रॅमची) नस आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच मुळातून येत असल्यामुळे ती कळ तिथे उमटते. आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण खांदा उचलतो, आणि सुई आत असताना ते नको.

सुई गाठीत पोचली की आतली सळई काढून सिरिंज लावतात, हलका ओढा देऊन सुई पाच-दहा वेळा मागेपुढे करतात. सुई बाहेर काढण्याआधी ओढा सोडायचाच. नाहीतर सुईतलं सगळं सिरिंजच्या नळकांड्यात फवाऱ्यासारखं उडतं आणि तिथून काढता येत नाही. रक्ताळ गाठींत बरेच जण सिरिंज न लावताच नुसती सुई फिरवतात. केशाकर्षणाने पेशी आपोआप वर चढतात आणि रक्त कमी येतं.

पॉल एर्लिखने १८८३ मध्ये लिव्हरमध्ये सुई घातली तेव्हा हा स्क्रीन नव्हता. १९५८ मध्ये मेंघिनीने ‘एका सेकंदाची’ बायोप्सी सांगितली, म्हणजे सुई लिव्हरमध्ये सेकंदभरच राहील अशी, तीही छातीवर बोटांनी ठोकून लिव्हरची हद्द ठरवून. आज सुईचं टोक ठिपक्यासारखं चमकताना दिसतं. ती सोय फुकट घालवू नका.

सुई बाहेर आल्यानंतरचं अर्धं मिनिट

इथे मी सर्वात जास्त वेळ घेणार आहे.

सुई वेगळी करा, सिरिंजमध्ये हवा भरा, पुन्हा लावा, आणि सुईचं टोक स्लाइडला टेकवून एक छोटा थेंब सोडा. दुरून फवारू नका. थेंब पट्टीच्या बाजूला, एक-तृतीयांश अंतरावर. दुसरी स्लाइड वर सपाट ठेवा, थेंब तिच्या वजनाने पसरू द्या आणि न दाबता सरळ ओढा. दाबलं की पेशीकेंद्रकांच्या लांब निळ्या रेघा होतात, आणि मग स्मॉल सेल कॅन्सर आहे की लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) की चिरडलेल्या चांगल्या पेशी, हे कोणीही सांगू शकत नाही.

रक्त जास्त आलं असेल तर स्लाइड तिरकी धरा. रक्त खाली वाहून जातं आणि पांढुरके-पिवळसर कण मागे चिकटून राहतात. तेच सोनं आहे. कण सुईच्या टोकाने उचलून वेगळ्या स्लाइडवर घ्या आणि पसरवा.

आता फिक्सिंग. पॅप रंगासाठीची स्लाइड ओली असतानाच अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे. मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणायच्या आत. जिम्सासाठीची स्लाइड उलट पूर्ण वाळवायची, हवेत हलवून, लवकर. अर्धवट वाळून मग अल्कोहोलमध्ये गेलेली स्लाइड दोन्हीकडून वाया जाते : केंद्रकं फुगतात, कडा विरतात, रंग लालसर होतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या वर्षाला एसीच्या थेट झोतात ट्रे ठेवला होता. पहिल्या पासमध्ये चांगले कण आले, मी आनंदाने दोन्ही स्लाइड तिथेच ठेवून दुसऱ्या पासची तयारी करू लागलो. मिनिटभराने अल्कोहोलमध्ये टाकल्या. दुसऱ्या पासमध्ये रक्तच आलं. संध्याकाळी सरांनी मायक्रोस्कोपखाली स्लाइड पाहिली आणि काही न बोलता माझ्यापुढे सरकवली. पेशी भरपूर होत्या, एकही वाचता येत नव्हती. त्या आजोबांना चार दिवसांनी पुन्हा उपाशीपोटी आणावं लागलं, पुन्हा टोचावं लागलं. त्यांनी मला ओळखलं आणि ‘परत का, बाळा?’ एवढंच विचारलं. तेव्हापासून ट्रे मी एसीच्या आणि पंख्याच्या वाऱ्यापासून लांब ठेवतो, आणि अल्कोहोलचा जार उजव्या हाताला, झाकण काढून.

स्लाइड झाल्या की सुई सलाइनमध्ये किंवा थेट फॉर्मेलिनमध्ये दोन-तीनदा धुवा. या धुवणातून सेल ब्लॉक, म्हणजे पेशी गोळा करून केलेला मेणाचा ठोकळा, होतो. सिरिंजमध्ये रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती फेकू नका, फॉर्मेलिनमध्ये टाका. पुष्कळदा गाठीचे तुकडे त्यातच अडकलेले असतात. कोअर बायोप्सीचा धागा गॉजवर ठेवायचा नाही, तो चिकटतो आणि वाळतो. स्लाइडवरून हलकेच लोळवून ठसा घ्या आणि लगेच फॉर्मेलिनमध्ये सोडा, धाग्याच्या किमान दहापट फॉर्मेलिन असू द्या. लिम्फोमाची शंका असेल तर फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींवरचे मार्कर मोजण्यासाठी) एक पास सलाइनमध्ये. ताप असेल किंवा पू दिसला तर कल्चरची डबी, आणि त्यात फॉर्मेलिनचा थेंबही नको.

तिथल्या तिथे पाहणं

मायक्रोस्कोप सोबत असेल तर अल्कोहोलमधून काढलेल्या एका ओल्या स्लाइडवर टोल्युइडिन ब्लूचा थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा, पाहा. निदान करायचं नाही. फक्त एवढंच सांगायचं की गाठीतल्या पेशी आल्या आहेत, की फक्त चांगली लिव्हर आली आहे, की रक्त. तीच स्लाइड नंतर अल्कोहोलमध्ये परत टाकली की रंग धुऊन जातो आणि तिला पॅप लावता येतो, म्हणजे वाया काही जात नाही. साधारण दोन-तीन पास पुरतात. पेशी पुरेशा दिसल्या तर ‘बास’ म्हणायची हिंमत ठेवा. प्रत्येक जादा पास म्हणजे रुग्णाला जादा धोका.

मायक्रोस्कोपखाली

आधी चांगली हिपॅटोसाइट (यकृतपेशी) ओळखता आली पाहिजे. बहुकोनी, भरपूर दाणेदार पेशीद्रव, मधोमध गोल केंद्रक, त्यात ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका), काहींत दोन केंद्रकं, आणि पॅपमध्ये लिपोफसिन हे सोनेरी-तपकिरी रंगद्रव्य. नवख्याला न्यूक्लिओलस दिसला की कॅन्सर वाटतो. लिव्हरमध्ये तो नेहमीचाच आहे. सोबत पित्तनलिकेच्या पेशींचे मधमाशीच्या पोळ्यासारखे नीटस पापुद्रे दिसतात.

हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची ओळख रचनेत आहे. हिपॅटोसाइटसारख्याच पेशी, पण लहान, दाट, केंद्रक पेशीद्रवाच्या मानाने मोठं, आणि जाड जाड रांगा. त्या रांगांच्या कडेने चपट्या एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या) पेशींची किनार, किंवा गठ्ठ्यातून आरपार जाणारी केशवाहिनी. आजूबाजूला पेशीद्रव गळून पडलेली उघडी केंद्रकं. पेशींमध्ये पित्ताचा हिरवट-तपकिरी रंग दिसला तर ती पेशी लिव्हरचीच, यात शंका राहत नाही. अडचण येते ती चांगल्या पेशींसारख्याच दिसणाऱ्या कॅन्सरमध्ये आणि सिरोसिसच्या गाठीत फरक करताना. तिथे सेल ब्लॉकवर किंवा कोअरवर रेटिक्युलिनचा रंग लागतो : चांगल्या लिव्हरमध्ये एक-दोन पेशींच्या रांगांना काळ्या तंतूंची जाळी असते, कॅन्सरमध्ये ती विरते किंवा तुटते. म्हणूनच अशी शंका आधीपासून असेल तर नुसत्या एफएनएसीवर न थांबता कोअर घ्यायला सांगा.

दुसरीकडून आलेल्या गाठींत मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा स्वतःच ओळख देतो. उंच पेशी, लांबट केंद्रकं कुंपणाच्या खांबांसारखी रांगेत, आणि मागे घाणेरडा, केंद्रकांचा चुरा असलेला नेक्रोसिस. स्मॉल सेलमध्ये केंद्रकं एकमेकांना चिकटून आकार घेतात. न्यूरोएंडोक्राइन गाठीत एकसारख्या सुट्या पेशी आणि केंद्रकात मीठ-मिरी शिंपडल्यासारखं क्रोमॅटिन.

बाकीचं इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीवर, म्हणजे अँटिबॉडीने पेशीतली ठरावीक प्रथिनं (मार्कर) रंगवण्यावर, आणि त्यासाठी सेल ब्लॉक हवा. आर्जिनेज-१ आणि हेपपार-१ लिव्हरकडे बोट दाखवतात, ग्लायपिकन-३ हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाकडे, सीके-२० आणि सीडीएक्स-२ मोठ्या आतड्याकडे. टीटीएफ-१ फुप्फुसाकडे, पण केंद्रकात रंगला तरच. हिपॅटोसाइटच्या पेशीद्रवात तो दाणेदार रंगू शकतो आणि नवखे तिथे फसतात. पित्तनलिकेचा कॅन्सर मात्र नुसत्या मार्करवर ठरत नाही. स्वादुपिंड, पित्ताशय किंवा जठराचा कॅन्सर तसाच रंगतो, म्हणून ते निदान सीटी आणि एंडोस्कोपीसकट, बाकी सगळं वगळून करायचं.

पू आला तर

पुस्तकात अमिबाच्या पुवाला ‘अँकोव्ही सॉस’ म्हणतात. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिलाय कोण जाणे. विटकरी-चॉकलेटी, घट्टसर, बहुधा वास नसलेला, असं लक्षात ठेवा. मायक्रोस्कोपखाली पूपेशी थोड्या आणि चुरा जास्त. अमिबा पिशवीच्या भिंतीला असतात, म्हणून शेवटी ओढलेला भाग वेगळा ठेवा आणि त्याची स्लाइड करा. पू कल्चरलाही पाठवा, आणि दाणेदार गाठी किंवा खव्यासारखा नेक्रोसिस दिसला तर टीबीसाठी झील-नील्सनचा रंग आणि सीबीनॅट ही जनुकीय तपासणी सांगा. स्वच्छ, पाण्यासारखा द्रव अनपेक्षितपणे आला तर मात्र लगेच थांबा, हायडॅटिड कृमीचे हुकासारखे दात आणि पिशवीचा थरदार पडदा शोधा, आणि अॅड्रिनालिन हाताशी आहे ना ते पाहा.

आणि पू म्हणून आलेला प्रत्येक पू नसतो. मोठ्या गाठीचा मधला भाग वितळला की तोही पुवासारखाच दिसतो. भिंतीचा एक पास घेतल्याशिवाय ‘अॅब्सेस’ (पुवाची गाठ) लिहू नका.

रिपोर्ट आणि रुग्ण

स्लाइडवर फक्त चांगल्या हिपॅटोसाइट असतील तर ‘कॅन्सर नाही’ असं लिहिणं ही सर्वात महागडी चूक. लिहायचं असं : ‘फक्त सामान्य यकृतपेशी आढळल्या, त्यावरून सोनोग्राफीतल्या गाठीचा खुलासा होत नाही, पुन्हा नमुना घ्यावा.’ नमुना कमी आला तर का कमी आला तेही लिहा : रक्त, नेक्रोसिस, की वाळलेल्या स्लाइड. पुढच्या वेळी रेडिओलॉजिस्टला त्याचाच उपयोग होतो.

तपासणी झाल्यावर रुग्णाला तासभर तरी उजव्या कुशीवर झोपवतात, म्हणजे सुईची जागा लिव्हरच्याच वजनाने दाबली जाते. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी, पुढे काही तास कमी वेळा. नाडी चढत गेली, बीपी उतरलं, पोट दुखून कडक झालं, तर लगेच सोनोग्राफी पुन्हा. वॉर्डातल्या सिस्टरना हे तोंडी सांगून या, केवळ फॉर्मवर लिहून नको.

ट्रे घेऊन निघताना दाराशी नातेवाईक थांबवतील. ‘डॉक्टर, काय निघालं?’ टोल्युइडिन ब्लूखाली तुम्ही काहीतरी पाहिलेलं असतं आणि चेहऱ्यावर ते दिसतं. तेव्हा खरं तेवढंच सांगा : ‘नमुना चांगला मिळालाय, मावशी. रंगवून, नीट बघून सांगावं लागेल. रिपोर्ट परवा संध्याकाळी.’ आणि परवा संध्याकाळी तो रिपोर्ट खरंच तयार असेल, हे बघा.